कातळाचा जमाखर्च

कोल्हापूर-मलकापूरकडून येणारा रस्ता अणुस्कुऱ्याच्या घाटमाथ्यावर पोचतो आणि वळणे घेत झपाट्याने खाली उतरतो. पायथ्याला पाचलचा परिसर लागतो. पुढे ओणीला मुंबई-गोवा महामार्ग भेटतो, त्याच्या दक्षिणेला राजापूर शहर. महामार्ग ओलांडून पश्चिमेकडे जात राहिले की आडिवरे, कशेळी, नाटे, जैतापूर, माडबन आणि मग समुद्र. सह्याद्रीच्या कड्यापासून अरबी समुद्रापर्यंतचा हा सगळा प्रदेश एकाच तालुक्यात मोडतो. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून राजापूर हा रत्नागिरी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतला सर्वांत दक्षिणेकडचा तालुका आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत राजापूरचे नाव महाराष्ट्राने ऐकले ते दोन प्रकल्पांमुळे. एक जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, दुसरा तेलशुद्धीकरण कारखाना, जो आधी नाणारला येणार होता आणि नंतर बारसूला. या दोन्हींवर भरपूर लिहिले गेले. मात्र त्या लिखाणात तालुका येतो तो प्रकल्पाची जागा म्हणून. इथे मला उलट बाजूने जायचे आहे. आधी जमीन, मग पाणी, मग त्या जमिनीवर हजारो वर्षांत माणसांनी काय काय केले ते, आणि प्रकल्प सर्वांत शेवटी. हा क्रम घेतला की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. या तालुक्याची किंमत नेहमी बाहेरच्यांनी ठरवली, आणि ज्या जमिनीला कागदोपत्री काहीच किंमत नव्हती, त्याच जमिनीवर तालुका उभा आहे. ती जमीन म्हणजे कातळाचा सडा, उघड्या दगडाचे सपाट पठार.

तीन पट्टे, दोन नद्या

राजापुरात पूर्व-पश्चिम प्रवास करताना तीन वेगवेगळे मुलूख लागतात. पहिला सह्याद्रीच्या पायथ्याचा. इथे जंगल दाट, पाऊस सर्वांत जास्त, माती खोल आणि वाड्या दूरदूर. भातखाचरे ओढ्यांच्या कडेने पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी होते. दुसरा पट्टा मधला. टेकड्या, दऱ्या आणि त्यांच्या माथ्यावर पसरलेले जांभ्याचे सपाट सडे. तिसरा किनाऱ्याचा. सडे थेट समुद्रापर्यंत येऊन कड्यासारखे तुटतात, मध्ये खाड्या आत शिरतात, आणि खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांच्या वस्त्या दिसतात.

तिन्ही पट्टे जोडते ती अर्जुना नदी. सह्याद्रीत उगम पावून ती राजापूर शहराशी येते. तिथे तिला कोदवली नदी मिळते आणि पुढे तिची खाडी होऊन जैतापूरजवळ समुद्राला भेटते. अलीकडे अर्जुनेवर मध्यम प्रकल्पाचे धरण झाले आहे. राजापूर शहराला पाणी मात्र कित्येक पिढ्या कोदवलीच्या ब्रिटिशकालीन धरणातून येत राहिले. लोक त्याला ‘सायबाचे धरण’ म्हणतात. उंचावरच्या धरणातून पाणी उताराने शहरात येते, पंपाची गरज पडत नाही.

जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत अर्जुना-कोदवलीला पूर आला की राजापूरच्या जवाहर चौकात पाणी भरते, व्यापारी दुकानांतला माल वर चढवतात. त्याच तालुक्यातल्या काही वाड्यांना एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. इतका पाऊस आणि इतकी टंचाई एकाच ठिकाणी कशी, याचे उत्तर जमिनीच्या घडणीत आहे. आपण जे काही त्या जमिनीवर केले, त्यातही आहे.

गाळाने अडवलेले बंदर

राजापूर शहर समुद्रापासून बरेच आत आहे, तरी ते बंदर होते. भरतीच्या पाण्यावर जहाजे खाडीतून शहरापर्यंत येत. घाटावरचा माल अणुस्कुऱ्यासारख्या वाटांनी बैलांच्या पाठीवरून खाली उतरायचा आणि इथे जहाजात भरला जायचा. कोल्हापूर, पन्हाळा, त्यापलीकडचे विजापूर यांना समुद्र दिसायचा तो राजापूरमधून. मिरी, कापड आणि घाटावरचे इतर जिन्नस इथून अरबस्तान आणि इराणच्या बंदरांकडे जात. सांगलीच्या बाजारात हळदीच्या एका प्रकाराला आजही ‘राजापुरी’ म्हणतात.

या प्रदेशाची समृद्धी त्याही आधीची आहे. किनाऱ्यावरच्या कशेळी गावात कनकादित्याचे, म्हणजे सूर्याचे, प्राचीन देऊळ आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याचा इसवी सन ११९१चा ताम्रपट या देवस्थानाशी निगडित आहे आणि त्यात कशेळी गावाच्या दानाची नोंद आहे. गावाचे उत्पन्न दान देण्याजोगे होते, म्हणजे बाराव्या शतकात या किनाऱ्यावर बसलेली शेती, वसूल होणारा महसूल आणि त्याची लेखी नोंद ठेवणारी राजवट होती.

सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांनी राजापुरात वखार घातली. पुढे फ्रेंचही आले. इंग्रजांच्या वखारीचा इतिहास पन्हाळ्याच्या वेढ्याशी जोडलेला आहे. १६६०मध्ये सिद्दी जौहरने शिवाजी महाराजांना पन्हाळ्यावर कोंडले, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन वेढ्याच्या मदतीला गेला. व्यापारी म्हणून आलेल्यांनी युद्धात बाजू घेतली. १६६१मध्ये महाराजांनी राजापूर घेतले, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. त्यांची सुटका व्हायला १६६३ उजाडले. वखारीच्या नुकसानभरपाईची मागणी इंग्रजांनी पुढे वर्षानुवर्षे चालू ठेवली. १६७४च्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या वाटाघाटींतही राजापूरचा विषय होता.

अठराव्या शतकात राजापूर आंग्र्यांकडे गेले, १७५६नंतर पेशव्यांकडे आणि १८१८मध्ये इंग्रजांकडे. तोवर बंदराचे दिवस फिरू लागले होते. डोंगरउतारांवरची झाडी तुटत गेली, माती पावसाबरोबर नदीत आणि नदीतून खाडीत आली. १८८०च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये याची नोंद आहे. अरब जहाजे अजून थेट व्यापाराला येतात असे जिल्ह्यातले हे एकच बंदर, पण मोठ्या जहाजाला जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येता येत नाही, असे ते सांगते. पुढे बंदराचा व्यवहार खाडीच्या मुखाशी, जैतापूर आणि मुसाकाजीकडे सरकला. विसाव्या शतकात मुंबईहून येणाऱ्या बोटी तिथेच लागत.

राजापूरच्या बंदराला शत्रूच्या तोफेने संपवले नाही. त्याला वरच्या डोंगरातून आलेल्या गाळाने संपवले. घाटमाथ्यावर कुऱ्हाड चालली की तिचा परिणाम खाडीत दिसतो, हे या तालुक्याने दीडशे वर्षांपूर्वी पाहिले आहे. आजचा जवाहर चौकातला पूरही त्याच गाळाची पुढची पायरी आहे. नदीपात्रातला गाळ काढण्याची कामे अलीकडे झाली आणि ती गरजेची होती. पण उतारावरची माती जागेवर धरली नाही, तर काढलेला गाळ काही पावसाळ्यांत परत येणारच.

खोत, कूळ आणि मुंबईची खोली

बंदर गेल्यावर तालुक्याकडे उरली ती शेती, आणि ती खोतांच्या ताब्यात होती. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुसंख्य गावे खोती होती. सरकारचा सारा वसूल करून भरायची जबाबदारी खोताकडे, आणि जमीन कसणारे कुणबी, महार व इतर शेतकरी त्याची कुळे. पिकाचा मोठा वाटा खोताला द्यायचा, वर त्याची कामे वेठीने करायची. ही पद्धत रद्द करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि १९३८च्या जानेवारीत मुंबईत कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा निघाला. प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला १९४९ साल लागले, आणि नंतर कूळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले.

शेतात वर्षभर पोट भरत नाही म्हणून तोवर घराघरातला एक पुरुष मुंबईला गेलेला होता. एकोणिसाव्या शतकात गिरण्या सुरू झाल्या तेव्हापासून रत्नागिरी हा गिरणगावाला माणूस पुरवणारा प्रमुख जिल्हा होता. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाच्या मंडळाने खोली भाड्याने घेतलेली असे. पाळ्या लावून झोपायचे, वर्गणी काढून जेवायचे आणि महिन्याला गावी मनीऑर्डर पाठवायची. गावातले देऊळ, शाळेची खोली, वाडीतली विहीर यांसाठीचा पैसा या मंडळांतून यायचा. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो कधी सुटलाच नाही, आणि मनीऑर्डरींचा हा ओघ आटला. तोटा मुंबईत झाला, उपास राजापूरच्या वाड्यांत पडले.

माणसे मात्र जातच राहिली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत जवळजवळ पाच टक्क्यांनी घटून १६ लाख १५ हजारांवर आलेली दिसते. देशाची लोकसंख्या वाढत असताना एका जिल्ह्याची घटते, ही साधी बाब नाही. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हे प्रमाण पाहून काही जणांना कौतुक वाटते. खरे तर त्या आकड्यात घराबाहेर गेलेले पुरुष आहेत. मागे राहिलेल्या बाईने शेत लावले, गुरे सांभाळली, सासू-सासऱ्यांचे दुखणे-खुपणे काढले. सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव क्वचितच आले. राजापूरची शेती ही गेली शंभर वर्षे मुख्यतः बायकांनी टिकवलेली शेती आहे, हे कुठल्याही अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिण्याजोगे सत्य आहे.

गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी परत येतात. मानकऱ्यांचे मान, पालखीचा घरोघरचा मुक्काम, वाडीचे वाद आणि त्यांचे निवाडे या सगळ्यांतून गाव स्वतःला पुन्हा बांधून घेते. कोकण रेल्वेने हे येणे-जाणे सोपे केले. या रेल्वेसाठी संसदेत सतत आवाज उठवणारे बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते हे दोघेही राजापूर लोकसभा मतदारसंघाचे खासदार. नाथ पै तीन वेळा, दंडवते १९७१पासून पाच वेळा निवडून आले. १९९८मध्ये संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. २००८च्या मतदारसंघ फेररचनेत राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले.

सडा

आता कातळाकडे येऊ. दख्खनच्या काळ्या पाषाणावर लाखो वर्षे धो-धो पाऊस आणि कडक ऊन यांचा मारा झाला. दगडातली विरघळणारी द्रव्ये वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि वर लालसर, सच्छिद्र जांभ्याचा थर तयार झाला. हेच सडे. उन्हाळ्यात दुपारी सड्यावर उभे राहिले तर चहूकडे काळवंडलेला, तापलेला दगड दिसतो. महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद ‘पोटखराब’ किंवा ‘पडीक’ अशी होते. लागवड नाही म्हणून आकारणी नगण्य, आणि आकारणी नगण्य म्हणून किंमत नाही. नकाशावर जागा शोधणाऱ्या माणसाला हे रिकामे पटांगण वाटते.

जूनमध्ये त्याच सड्यावर परत यावे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते. खाली चिकणमातीचा आणि घट्ट दगडाचा थर लागला की पाणी आडवे सरकते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच राजापूरच्या बहुतेक वाड्या सड्याच्या माथ्यावर नसतात, त्याच्या उतारावर किंवा पायथ्याला असतात. वर दगड, कडेला झरा, झऱ्याखाली पोफळी-नारळाची बाग आणि तिच्या खाली भातखाचर अशी ती रचना. सड्यावर घाव घातला तर खालच्या वाडीची विहीर आटते. हा संबंध सातबाऱ्यावर दिसत नाही, कारण सडा एका गट क्रमांकात असतो आणि विहीर दुसऱ्या.

पाण्याचा हाच स्वभाव उन्हाळे गावाने देवत्वाला नेला आहे. राजापूर शहराजवळच्या या गावात गरम पाण्याचा झरा आहे आणि थोड्या अंतरावर प्रसिद्ध राजापूरची गंगा. चौदा कुंडांत एकाएकी पाणी येते, काही काळ वाहते आणि एकाएकी थांबते. ती साधारण तीन वर्षांनी येते अशी समजूत आहे, अलीकडे मात्र तिच्या येण्या-जाण्याचा काळ बदललेला दिसतो. भूगर्भातल्या नैसर्गिक सायफनमुळे असे घडत असावे, असे स्पष्टीकरण अभ्यासक देतात. गंगा आली की दूरदूरहून माणसे स्नानाला येतात. त्या गर्दीत मला नेहमी वाटते, डोंगराच्या पोटातल्या पाण्याचे इतके जाहीर प्रात्यक्षिक दुसऱ्या कुठल्या तालुक्याला मिळाले असेल? त्याचा सरकारी जलनियोजनाने धडा घेतला असता तर बरे झाले असते.

पाऊस ओसरू लागला की सडा फुलतो. कातळाच्या खळग्यांत साचलेल्या ओलीत सीतेची आसवे निळी-जांभळी उमलतात, कीटक खाणारे दवबिंदू चमकतात, पांढरे गेंद वाऱ्यावर डोलतात. काही वनस्पती रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या या सड्यांखेरीज जगात जवळपास कुठेच नाहीत. खळग्यांतल्या वितभर मातीत शेतकरी भात लावतात, गुरे चरतात, गवत कापून पेंढ्या बांधल्या जातात. आणि तिथेच चिरेखाणी आहेत. जांभा खाणीत मऊ असतो, सहज कापला जातो आणि वारा लागला की कठीण होतो. कोकणातली घरे, देवळे, बांध, विहिरी या चिऱ्यांच्या. पूर्वी हातांनी निघणारा चिरा आता यंत्राने निघतो आणि ट्रकने घाटावर जातो. त्यातून रोजगार मिळतो आणि मागे खोल चौकोनी खड्डे उरतात. चिरा काढणाऱ्याने ते भरून द्यावेत, एवढी साधी अटही बहुतेक ठिकाणी अमलात येत नाही.

या सड्यांवरची सर्वांत जुनी नोंद माणसाच्या हातची आहे. गुराख्यांना आणि गावकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक असलेल्या कातळशिल्पांचा पद्धतशीर शोध गेल्या काही वर्षांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. पुरातत्त्व विभागाच्या वतीने डॉ. तेजस गर्गे यांनी त्या कामाला शास्त्रीय बैठक दिली. कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती कोरला आहे, पंधरा मीटरांहून अधिक लांबीचा, आणि त्याच्या शरीराच्या आत कितीतरी प्राणी-जलचर. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ गूढ चौकोनी पट आहे. कोकणातल्या शिल्पांत गेंड्यासारखे, आज इथे कुठेही नसलेले प्राणीही दिसतात. मध्याश्मयुगापासून पुढे हजारो वर्षे ही परंपरा चालली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

२०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातल्या कातळशिल्पांच्या नऊ जागांचा समावेश झाला. त्यांपैकी कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे या पाच जागा एकट्या राजापूर तालुक्यात आहेत. ज्या जमिनीला दप्तराने पडीक म्हटले, तिच्यासाठी देशाने जगाकडे वारशाचा दर्जा मागितला आहे.

मोहोर, काजू आणि जाळे

तालुक्याच्या हातात आज जो पैसा खेळतो त्यातला बराचसा याच कातळावर पिकतो. १९९०च्या सुमारास रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला पूर्ण अनुदान मिळू लागले आणि सड्यांचे रूप पालटले. कातळात सुरुंग लावून खड्डे केले, दूरवरून माती आणून भरली, हापूसची कलमे लावली, पहिली काही वर्षे डोक्यावरून पाणी घालून जगवली. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचे संशोधन केंद्र यांचा या बदलात मोठा वाटा आहे. वेंगुर्ल्याच्या सुधारित काजू जाती आज जवळजवळ प्रत्येक बागेत दिसतात. ज्यांनी खोताची वेठ केली, त्यांच्या नातवंडांनी दगडावर बाग उभी केली. कोकणच्या आर्थिक इतिहासातली ही मोठी घटना आहे आणि ती सामान्य शेतकऱ्याने घडवली.

पण हापूसचे गणित नाजूक आहे. नोव्हेंबरपासून थंडी नीट पडली तर मोहोर येतो. ढग आले की तुडतुडे, फुलकिडे आणि बुरशी. मग फवारण्या वाढतात. अवकाळी पावसाने मोहोर गळतो, कडक उन्हाने कणी भाजते, आणि फळ तयार झाले तरी आत साका निघू शकतो. मोहोर लवकर यावा म्हणून कल्टार या संजीवकाचा वापर वाढला, त्याचे झाडावर होणारे परिणाम बागायतदारच सांगतात. अनेक बागा कराराने दिलेल्या असतात, राखणीला आणि कामाला नेपाळहून माणसे येतात, कारण गावातला तरुण मुंबईत असतो. हंगामाच्या सुरुवातीच्या पेट्यांना वाशीच्या बाजारात चांगला भाव मिळतो. मे महिन्यात एकदम माल आला की भाव कोसळतो आणि उरलेले फळ किलोच्या दराने कॅनिंगला जाते. २०१८मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाजारात इतर राज्यांचा आंबा हापूसच्या नावाने विकला जातोच.

काजूचे तसेच. बी गोळा करणारा शेतकरी, ती फोडणाऱ्या छोट्या कारखान्यांतल्या बायका आणि आफ्रिकेतून येणारी स्वस्त बी अशी ही साखळी आहे. आयात वाढली की राजापूरच्या बीचा दर उतरतो.

किनाऱ्यावर साखरीनाटे हे मासेमारीचे मोठे केंद्र. दालदी मुस्लिम, खारवी आणि इतर समाज पिढ्यान् पिढ्या या समुद्रावर जगतात. पर्ससीन जाळ्यांनी छोट्या मच्छीमारांच्या वाट्याची मासळी ओढून नेल्याची तक्रार वाढली, तेव्हा २०१६मध्ये राज्य सरकारने त्या जाळ्यांवर निर्बंध आणले. त्यांची अंमलबजावणी हाच आजचा वादाचा विषय आहे. त्यात ऑक्टोबर २०१९चे क्यार आणि मे २०२१चे तौक्ते यांसारखी चक्रीवादळे हंगामाचे दिवस खाऊन टाकतात. मासळी फक्त बोटवाल्याचे पोट भरत नाही. बर्फवाला, टेम्पोवाला, जाळी विणणारा, टोपली घेऊन गावोगाव फिरणारी बाई, सगळ्यांचा घास तिच्यात आहे.

प्रकल्प आले तेव्हा

अशा तालुक्यात दोन महाप्रकल्प आले. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या गावांच्या परिसरातली ९३८ हेक्टर जमीन अणुऊर्जा प्रकल्पासाठी घेतली गेली. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट. डिसेंबर २०१०मध्ये फ्रान्सबरोबर करार झाला. १८ एप्रिल २०११ला नाटे येथे आंदोलनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला. त्याच्या महिनाभर आधी जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली होती. जमीन संपादित झाली, कुंपण पडले, पण अणुभट्टी उभी राहिली नाही. याच प्रकारच्या अणुभट्टीचे काम फिनलंडमध्ये २००५ला आणि फ्रान्समधल्या फ्लामानव्हिल येथे २००७ला सुरू झाले. पहिलीतून नियमित वीज मिळायला २०२३ आणि दुसरीला ग्रीडशी जोडायला २०२४चा डिसेंबर उजाडला. म्हणजे ज्या देशाचे तंत्रज्ञान त्याच देशाला सतरा वर्षे लागली. या विलंबाची किंमत राजापूरच्या हिशेबात कोणी धरली?

तेलशुद्धीकरण प्रकल्पाची कहाणी तशीच. वर्षाला सहा कोटी टन क्षमता, तीन सरकारी तेल कंपन्या, नंतर सौदी अराम्को आणि अबुधाबीची कंपनी. २०१७मध्ये नाणार परिसरातल्या गावांची जमीन औद्योगिक क्षेत्र म्हणून अधिसूचित झाली. तीव्र विरोधानंतर मार्च २०१९मध्ये अधिसूचना रद्द झाली. २०२२मध्ये बारसू-सोलगावचा पर्याय पुढे आला. एप्रिल २०२३मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाची यंत्रे आली, तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या झाल्या आणि पोलिसांनी मोठ्या संख्येने आंदोलकांना ताब्यात घेतले. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला, प्रकल्पाशी संबंधित त्यांची बातमी प्रसिद्ध झाली त्याच दिवशी, राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला आणि खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. प्रकल्पांच्या घोषणांच्या आगेमागे बाहेरच्यांनी मोठ्या प्रमाणावर जमिनी घेतल्याचे आरोप तर सुरुवातीपासून होत आले आहेत. पडीक जमिनीला एकाएकी किंमत येते ती अशी, आणि ती ज्याने पिढ्यान् पिढ्या राखली त्याच्या हाती पडत नाही.

तालुक्यात प्रकल्पाच्या बाजूचीही माणसे आहेत आणि त्यांचे म्हणणे हलके नाही. मुलगा मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहतो, त्याला घराजवळ नोकरी हवी. इस्पितळासाठी रत्नागिरी किंवा कोल्हापूर गाठावे लागते, इथे चांगले इस्पितळ हवे. ही गरज खरी आहे. पण नोकरी आणि इस्पितळ मागणाऱ्या तालुक्यापुढे प्रत्येक वेळी एकच प्रश्न ठेवला जातो: हा प्रकल्प हवा की नको? आंब्याचा गर, काजूचे बोंड, मासळीची साठवण, चिऱ्याच्या खाणींची शिस्त, कातळशिल्पांभोवतीचे पर्यटन, सड्याच्या कडेचे झरे यांवर उभा राहणारा रोजगार किती, याचा तितकाच तपशीलवार आराखडा समोर ठेवून कोणी विचारलेले नाही.

निर्णय कोणी घ्यायचा

असा आराखडा स्थानिक पातळीवर ठरू शकतो का, हे पाहायला एक दूरचे उदाहरण घेऊ. पोलंडमध्ये प्रशासनाच्या सर्वांत खालच्या घटकाला ग्मिना म्हणतात. देशात अशा सुमारे २५०० ग्मिना आहेत. ग्रामीण ग्मिना म्हणजे एक मध्यवर्ती गाव आणि भोवतालची खेडी. साम्यवादी राजवट गेल्यावर १९९०मध्ये त्यांना स्वायत्तता परत मिळाली. लोक तिथे परिषद निवडतात, २००२पासून प्रमुखही थेट मतदानाने निवडतात. मालमत्ता कर ग्मिनाचा असतो, तिथल्या रहिवाशांनी भरलेल्या आयकरातला ठरावीक वाटा तिला मिळतो, आणि मुख्य म्हणजे कुठल्या जमिनीचा वापर कशासाठी व्हावा, याचा स्थानिक आराखडा ती स्वतः मंजूर करते.

आपल्याकडे महाराष्ट्राने १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू केल्या. १९९२च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे देता येतील अशा २९ विषयांची यादी दिली आणि तिच्या आरंभीच शेती आणि भूमी सुधारणा आहेत. तरी राजापूरच्या पंचायत समितीला तालुक्यातल्या जमिनीचा आराखडा ठरवता येत नाही. राजापुरातल्या रहिवाशांनी भरलेल्या आयकरातला वाटा थेट तिच्या तिजोरीत येत नाही. मुंबईत मंत्रालयातून एक अधिसूचना निघते आणि गावांना ती वर्तमानपत्रातून कळते. तालुका हा आपल्या प्रशासनात मुख्यतः महसूल गोळा करण्याचा आणि दाखले देण्याचा घटक राहिला. त्याला स्वतःचे मन असू शकते, हे आपण मान्यच केलेले नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. राजापूरच्या प्रत्येक गावाने आपल्या सड्याचा जमाखर्च मांडावा आणि ग्रामसभेने तो ठराव म्हणून मंजूर करावा. कुठल्या सड्याचे पाणी कुठल्या झऱ्याला जाते, त्या झऱ्यावर किती घरे आणि किती बागा आहेत, कुठे कातळशिल्पे, कुठे दुर्मीळ वनस्पती, कुठे गुरचरण, कुठे चिऱ्याची खाण चालेल आणि कुठे चालू नये. रत्नागिरीत आणि राजापुरात या विषयांचे जाणकार आहेत, मुंबईच्या गाव मंडळांत शिकलेली माणसे आहेत, विद्यापीठ जिल्ह्यातच आहे. काम अवघड नाही. उद्या कोणताही प्रकल्प आला तर त्याच्या अहवालाआधी हा हिशेब टेबलावर असेल आणि त्यात ‘पडीक’ हा रकाना नसेल. मग प्रकल्पाला हो म्हणायचे की नाही, हे तालुका माहितीच्या बळावर ठरवेल. हो म्हटले तर आपल्या अटींवर म्हणेल. आंग्रे, पेशवे, इंग्रज, खोत, गिरणीमालक या सगळ्यांनी राजापूरचे मोल आपापल्या सोयीने ठरवले. ते ठरवण्याची पाळी आता राजापूरची आहे, आणि त्यासाठी लागणारी सगळी नोंद त्याच्या पायाखालच्या कातळावर आहे.